लहान घराचे वेळापत्रक : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

नाशिकविषयी लिहायचे म्हटले की लेखणी आपोआप गोदाकाठाकडे वळते. रामकुंड, काळाराम मंदिर, सरकारवाडा, पंचवटीतल्या गल्ल्या, पलीकडच्या द्राक्षबागा. या सगळ्यांना वाचक आहे आणि तो असायलाच हवा. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या इंदिरानगराकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहायला मात्र थोडी भीड वाटते. तिथे काय पाहायचे? अपार्टमेंट, रो हाऊसच्या रांगा, जॉगिंग ट्रॅक आणि संध्याकाळी बोगद्यापाशी तुंबलेली वाहने. या प्रस्तावनेची विनंती अशी, की वाचकांनी यांपैकी एखाद्या घरात पाहुणे म्हणून जावे आणि यजमानांची परवानगी घेऊन पलंगाखाली, जिन्याखाली, ओट्याखाली आणि लॉफ्टवर काय काय आहे ते नीट पाहावे. चारशे-पाचशे चौरस फुटांत चार-पाच माणसांचा संसार बसवण्याची ही विद्या आहे. तिला मोठा इतिहास आहे, तिचे स्वतःचे गणित आहे, आणि ती आपल्या इतक्या जवळ आहे की तिच्याकडे विद्या म्हणून पाहायचे राहूनच जाते.

आधी थोडी पार्श्वभूमी. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती, ओझरचा विमान कारखाना, नाशिकरोडची सिक्युरिटी प्रेस यांनी या शहरात नोकरदार माणूस आणला. सिडकोने नवीन नाशिकच्या योजना उभ्या केल्या, १९८२ मध्ये महापालिका झाली आणि शहर दक्षिणेकडे पाथर्डी फाट्यापर्यंत पसरत गेले. महामार्गाच्या एका अंगाला सिडको आणि दुसऱ्या अंगाला इंदिरानगर, अशी ही जोडवस्ती. खानदेशातून आलेली कुटुंबे, जुन्या नाशकातल्या वाड्यांतून बाहेर पडलेली कुटुंबे, शिक्षक, बँकवाले, कारखान्यांतले कामगार असे सगळे इथे स्थिरावले. घरांचे प्रकार ठरलेले: एक खोली-स्वयंपाकघर, वन बीएचके, आणि खाली हॉल, वर दोन खोल्या असे चिंचोळे रो हाऊस. कुटुंबांबरोबर आले मोठ्या घरांतले सामान आणि मोठ्या घरांतल्या सवयी. हा अभ्यासविषय नेमका तिथे जन्मतो.

लहान घर म्हणजे किती लहान? २०१५च्या प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकांसाठीच्या घराची मर्यादा ३० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट चटई क्षेत्र एवढी होती. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते, की घरात राहण्याची एकच खोली असेल तर ती किमान साडेनऊ चौरस मीटर असावी, स्वयंपाकघर किमान पाच चौरस मीटर, आणि खोलीची उंची पावणेतीन मीटर. हे आकडे वाचकांनी लक्षात ठेवावेत, विशेषतः शेवटचा. लांबी-रुंदीचा विचार घर घेताना प्रत्येक जण करतो. पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट उंचीचे पैसेही आपण मोजलेले असतात हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते.

तरीही माझे म्हणणे असे आहे, की या विषयात जागेच्या आधी वेळेचा हिशेब मांडावा. इंदिरानगरातल्या एखाद्या हॉलचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी साडेसातला रात्रपाळी करून आलेला माणूस तिथे आडवा होतो. दुपारी तिथेच धान्य निवडले जाते. पाच वाजता शिकवणीची मुले बसतात, सातला कुणी भेटायला येते, नवाला जेवणाची पाने मांडली जातात आणि अकराला गाद्या पडतात. खोली एकच, कामे सहा. ज्या वस्तूला या बदलाबरोबर बाजूला होता येत नाही ती वस्तू, मग ती कितीही देखणी असो, त्या खोलीची शत्रू ठरते. तीन आसनी जाडजूड सोफा हा असा शत्रू इथल्या कितीतरी घरांत मानाने बसलेला आहे, हे जाता जाता नोंदवतो.

हा हिशेब आपल्याला नवा नाही. जुन्या मराठी घरातले माजघर दिवसा जेवणाचे आणि कामाचे ठिकाण असे, रात्री तिथेच अंथरुणे पडत. सकाळी वळकट्या बांधून एका कोपऱ्यात गेल्या की खोली पुन्हा मोकळी. बसायला पाट, तोही जेवण झाले की भिंतीला उभा. जाड भिंतीत कोनाडे आणि देवळ्या, भिंतीतच बसवलेले दाराचे फडताळ, कपड्यांना दांडी आणि खुंट्या, दूध-लोण्याला शिंके, मडक्यांची उतरंड, वर्षाच्या धान्याला बळद नाहीतर अंगणातले पेव. यातली एकही वस्तू जमिनीवर पसरत नाही. काही भिंतीत शिरतात, काही वर टांगल्या जातात, काही एकावर एक चढतात, काही गुंडाळल्या जातात आणि काही थेट जमिनीखाली जातात. आजच्या दुकानांत ‘स्मार्ट फर्निचर’ म्हणून जे विकले जाते त्याच्या जवळजवळ सगळ्या युक्त्या या यादीत सापडतात. गंमत अशी, की वाड्यात जागेची टंचाई नव्हती. तिथे ही व्यवस्था सोयीची आणि शिस्तीची होती. टंचाई आली ती पुढे, शहरात.

ती मुंबईत आली. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात कुटुंब, गावाकडून आलेला भाऊ आणि कधी एखादा पाहुणाही. विटा किंवा ठोकळे लावून उंच केलेली लोखंडी खाट, तिच्याखाली ट्रंका आणि रात्री तिथेच मुलांची झोप. वर लाकडी पोटमाळा. दाराबाहेर मधल्या सामायिक बोळाची लांबच लांब पट्टी. गिरणगावात एकेका गाळ्यात अनेक कामगार पाळ्या लावून राहत. एक पाळीला निघाला की दुसरा येऊन झोपे. एकच अंथरूण घड्याळाच्या आधारावर अनेकांना पुरे. लहान घराचे वेळापत्रक याहून कठोरपणे कुठे पाळले गेले असेल असे मला वाटत नाही. या इतिहासाकडे पाहताना वाचकांनी कौतुकाला थोडा आवर घालावा. ती युक्ती होती तशीच ती नाइलाजाची गोष्टही होती. आज पुनर्विकासात याच कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत. जागा तिपटीने वाढली म्हणजे सामान नेमके कसे आणि किती वाढते, हा या विषयातला ताजा प्रश्न आहे.

या चाळी उभ्या राहत होत्या त्याच सुमारास घरात एक नवी वस्तू आली. गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटे करायला सुरुवात केली, आणि पुढच्या काही दशकांत आत तिजोरी, दाराला आरसा असलेले ते कपाट लग्नाच्या रुखवतापर्यंत पोहोचले. फडताळ भिंतीचा भाग होते. हे कपाट भिंतीपुढे उभे राहिले आणि खोलीतली सुमारे पाच चौरस फूट जमीन कायमची घेऊन बसले. त्या बदल्यात कुलूप दिले, उंदीर-वाळवीपासून अभय दिले आणि बदलीच्या गावी ते बरोबर नेता आले. हा सौदा अनेक पिढ्यांना पटला, आणि का पटला हे समजून घेतल्याशिवाय त्याला नावे ठेवू नयेत.

लहान घरावर गंभीरपणे विचार करणारी माणसेही आपल्याकडे होऊन गेली आहेत. पुण्याचे आर. एस. देशपांडे यांनी ‘रेसिडेन्शियल बिल्डिंग्ज सूटेड टू इंडिया’ (१९३१), ‘चीप अँड हेल्दी होम्स फॉर द मिडल क्लासेस ऑफ इंडिया’ (१९३५) आणि ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’ (१९३९) ही पुस्तके लिहिली. मध्यमवर्गीय माणसाला परवडेल असे घर कसे असावे, हा प्रश्न त्यांनी नकाशे मांडून सोडवायला घेतला. १९३७ मध्ये मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने ‘आयडियल होम’ प्रदर्शनही भरवले होते. देशपांड्यांची पुस्तके जुन्या ग्रंथालयांत अजून मिळतात. नवख्या वाचकाने त्यातले नकाशे आधी पाहावेत, मजकूर मागाहून वाचावा.

जगाकडे पाहायचे तर तीन घरांत डोकावणे पुरे. पहिले फ्रँकफुर्टमधले. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद स्त्रीने १९२६ मध्ये तिथल्या नगरपालिकेच्या वसाहतींसाठी १.९ मीटर बाय ३.४ मीटरचे स्वयंपाकघर रचले. गृहिणीला किती पावले पडतात याचा विचार केला, आगगाडीच्या डायनिंग कारमधले स्वयंपाकघर समोर ठेवले, तांदूळ, साखर, डाळी यांसाठी ओतायचे तोंड असलेले, नाव कोरलेले ॲल्युमिनियमचे खण बसवले, आणि इस्त्रीचा पाट भिंतीतून खाली येईल असा केला. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसली. आज आपण ज्यांना ट्रॉल्या म्हणतो त्यांच्या वंशावळीत ही खोली फार वर आहे. आणि या बाईंनीच पुढे सांगितले, की ते रचेपर्यंत त्यांनी स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता. पाहणे आणि मोजणे यावर किती दूर जाता येते, ते यातून कळते. त्याची मर्यादाही कळते. ते स्वयंपाकघर एकट्या बाईसाठी होते. आपल्याकडे सणाच्या दिवशी सासू, सून आणि जाऊ एकाच वेळी आत असतात, एक जण खाली बसून पुऱ्या लाटत असते. तिथे फ्रँकफुर्टचा आराखडा जसाच्या तसा उतरवला तर पहिल्याच गौरी-गणपतीत तो कोलमडेल.

दुसरे घर जपानी. तिथले फुटॉन अंथरूण रोज घडी होऊन ‘ओशिइरे’ या सरकत्या दाराच्या खोल फडताळात जाते. आमची वळकटी कोपऱ्यात उघडीच राहिली, त्यांच्या अंथरुणाला भिंतीत घर मिळाले, एवढाच फरक. जिन्याच्या प्रत्येक पायरीखाली खण असलेली त्यांची ‘काइदान-दान्सु’ ही पेटी तर रो हाऊसवाल्या प्रत्येकाने पाहावी. तिसरे घर अमेरिकन, सॅन फ्रान्सिस्कोच्या विल्यम मर्फीचे, ज्याच्या नावाने भिंतीत उभा राहणारा पलंग ओळखला जातो. तो आता आपल्याकडेही मिळतो. माझे मत विचाराल तर, रोज सकाळी तो उचलून बंद करणारे कुणी घरात आहे का, हे आधी ठरवावे. जो पलंग तिसऱ्या महिन्यापासून उघडाच राहतो, त्याने जागा तर घेतलीच आणि वर पैसेही घेतले.

आता थोडे सुताराच्या कामाविषयी, कारण या विषयाची खरी गोडी तिथे आहे. गावगाड्यात सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. आज इंदिरानगरात काम करणारा कारागीर बऱ्याचदा राजस्थान किंवा उत्तर प्रदेशातून आलेला असतो, पण मोजताना तोही सुतातच बोलतो. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. कपाट ‘दोन सूत’ जास्त झाले म्हणजे पाव इंच जास्त, आणि तेवढ्याने दार चौकटीला घासते. आपल्या भिंती बहुतेक वेळा गुण्यात नसतात. वर खोली दहा फूट भरली म्हणजे खाली तेवढीच भरेल असे नाही. म्हणून चांगला कारागीर एकाच भिंतीची तीन ठिकाणी मापे घेतो आणि सर्वांत लहान माप धरतो.

प्लायवूडची पूर्ण शीट आठ फूट बाय चार फूट. या एका आकड्याने आपल्या घरातल्या निम्म्या वस्तूंची मापे ठरवली आहेत. चार फुटांचे दोन भाग केले की दोन फूट खोल कपाट. चार भाग केले की फूटभर खोलीचे, ओट्यावरचे भिंतीचे कपाट. तीन भाग केले तर करवतीत जाणारे सोडून पावणेसोळा इंच मिळतात, आणि हे माप मात्र कुणी मागत नाही. मागायला हवे. दोन फूट खोली लागते ती हँगरला, कारण शर्ट अडकवलेला हँगर आडवा सतरा-अठरा इंच असतो आणि दाराला थोडी हवा हवी. आपल्या घरांत मात्र साड्या, चादरी, टॉवेल, मुलांचे कपडे बहुतांशी घडी करून ठेवले जातात, आणि घडी चौदा-पंधरा इंचांत बसते. उरलेल्या नऊ-दहा इंचांत मागे दुसरी रांग लागते, आणि मागच्या रांगेतली साडी वर्षभर कुणाला दिसत नाही. घडीच्या कपड्यांचा भाग पावणेसोळा इंचांचा आणि हँगरचा तेवढा दोन फुटांचा केला, तर दहा फुटांच्या खोलीत पलंगाच्या बाजूने माणसाला सरळ चालता येते.

उंचीचे गणितही करून पाहा. दाराच्या वर, सात फुटांवर, दहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच लॉफ्ट असेल तर तिची साठवण ४० घनफूट. सहा बाय पाच फुटांच्या पलंगाचा फूटभर खोल खण ३० घनफूट. म्हणजे लॉफ्ट मोठी. पण तिला स्टूल लागते, आणि स्टुलावर चढणारे गुडघे लागतात. म्हणून इथे पुन्हा वेळापत्रक उघडावे लागते. रोजचे सामान कंबर ते डोळे या पट्ट्यात, आठवड्याचे त्याच्या खाली, वर्षाचे वर. नाशिकमध्ये अजूनही पुष्कळ घरे उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरतात. ती पत्र्याची कोठी जड, म्हणून तिची जागा कायम खालीच. गौरी-गणपतीचे मखर, दिवाळीचा आकाशकंदील, स्वेटर आणि रजया हलक्या, त्यांनी वर जावे. पाहुण्यांच्या गाद्यांचा प्रश्न या शहरात अंमळ जास्तच आहे. २०१५ च्या सिंहस्थात ज्यांच्याकडे नातेवाईक उतरले होते त्यांना तो समजावून सांगायला नको, आणि २०२७ चे पाहुणे दूर नाहीत. हायड्रॉलिक पलंग करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की पंपाची ताकद फोमच्या गादीचे वजन धरून ठरवली आणि वर कापसाची गादी टाकली, तर फळी उचलताना घरातले दोन जण लागतात.

साठवणीत सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे हवा. तिचा धडा घ्यायला परदेशी जायला नको. नाशिक जिल्ह्यातली कांदाचाळ पाहा: जमिनीपासून उचललेला तळ, फटी ठेवलेल्या बाजू, आणि खालून वर जाणारा वारा. तिच्यामुळे कांदा महिनोन्‌महिने टिकतो. आपण मात्र बाहेरच्या भिंतीला कपाट घट्ट चिकटवतो, पावसाळ्यात ती भिंत ओल धरते आणि श्रावणात कपड्यांना कुबट वास येतो. पाठीमागे इंचभर गाळा, तळाशी चार इंचांची बैठक, पाठीच्या फळीला थोडी भोके. खर्च जवळजवळ शून्य. ओट्याखाली, नळाजवळ साधे प्लायवूड न वापरता आयएस ७१० मानकाचे वापरावे. आणि फळी तीन फुटांहून लांब असेल तर मध्ये आधार द्यावा, नाहीतर पुस्तकांच्या किंवा डब्यांच्या वजनाने अठरा मिलिमीटरची फळीही वर्ष-दोन वर्षांत झोळ देते.

या विषयात शिरू पाहणाऱ्या वाचकांनी आरंभ कुठून करावा? स्वतःच्या स्वयंपाकघरातून करावा असे मी सुचवेन, कारण तिथे चूक आणि सुधारणा दोन्ही लगेच दिसतात. एक वही घ्या. कोणता डबा दिवसातून किती वेळा हलतो याच्या खुणा आठवडाभर करत जा. घरात स्वयंपाक जी व्यक्ती करते तिनेच या खुणा कराव्यात. इतरांचे अंदाज फार उदार असतात. मग मोजपट्टी घेऊन खोलीचा नकाशा काढा, आणि त्यात कपाटांची दारे उघडी दाखवा. बंद दारांच्या नकाशात प्रत्येक घर प्रशस्त दिसते. त्यानंतर इतरांची घरे पाहा. जुन्या नाशकात एखाद्या वाड्यातले फडताळ पाहायला मिळाले तर उत्तमच. पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात रोजच्या वापरातल्या वस्तू पाहताना त्या कुठे आणि कशा ठेवल्या जात असतील असा प्रश्न मनात धरून फिरा. शरीराची मापे हवी असतील तर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेले देवकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय शरीरमापांचे पुस्तक आहे; ओट्याची उंची कुणाच्या उंचीवर ठरली, हा प्रश्न ते चाळताना आपोआप पडतो. चित्रांनी भरलेली गुळगुळीत मासिके शेवटी पाहावीत. त्यांतल्या घरांत धान्याची कोठी नसते आणि गॅसचा दुसरा सिलिंडरही नसतो.

एवढी तयारी झाली की सुताराला बोलवा. येण्याआधी जमिनीवर खडूने नव्या वस्तूची बाह्यरेषा आखून ठेवा आणि दोन दिवस तिला वळसा घालून घरात वावरा; ज्या कोपऱ्यावर पाय रेषेत पडेल तिथे माप कमी करा. तो आल्यावर पैशांच्या आधी दोन गोष्टी विचारेल: शटर कोणत्या हाताला उघडायचे, आणि विजेचा पॉइंट आत घ्यायचा की बाहेर ठेवायचा. दोन्हींची उत्तरे वहीत लिहून ठेवलेली असू द्या.